रोमच्या धुणेवालीचा शेवट

आक्का, तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला आणि मी अजून एका इंग्रजी पिच्चरमध्येच अडकून पडले आहे. भेटायला येणारी माणसं तुमच्या हातच्या झुणक्याची आठवण काढतात, तुमच्या खणखणीत आवाजाची काढतात, म्हशींना नावानं हाका मारायचात त्याची काढतात. मी मान हलवते, चहा ठेवते, आणि मनात मात्र वेगळंच चाललेलं असतं. रोमच्या त्या धुणं धुणाऱ्या पोरीची गोष्ट तुम्ही आम्हाला सांगितलीत, तिचा शेवट तुम्हाला कधी सुचला? आणि तो तुम्ही सांगत होतात तेव्हा नेमका कुणाला सांगत होतात? तुम्ही होतात तेव्हा हे विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं ते भलतंच.

लिहितानाही 'तुम्ही'च म्हणते. तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. पस्तीस वर्षांत मी तुम्हाला एकदाच एकेरीत बोलले, आणि ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. तिथवर मी येणारच आहे. पण आधी पूर.

मोठ्या पुराच्या त्या साली आम्ही दोघं दोन दिवसांसाठी म्हणून कुरुंदवाडला आलो होतो. ह्यांची नोकरी कागलच्या एमआयडीसीत, त्यामुळं आमचं बिऱ्हाड कोल्हापुरात; तुम्ही आणि दादा शेताजवळच्या घरात. पाणी चढतंय म्हटल्यावर सामान माळ्यावर टाकायला दोन हात जास्त असावेत, एवढाच विचार. तिसऱ्या दिवशी आपण सगळे नावेतून उंचावरच्या शाळेत आलो आणि पुढचे आठ दिवस तिथंच राहिलो. एका वर्गात बायका आणि लेकरं, बाहेरच्या व्हरांड्यात पुरुष, मैदानात जनावरं. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण वर्गात इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती. सगळ्यांचे डोळे खिडकीकडं. कुणाचं घर कुठंवर बुडालं असेल याचा हिशेब प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होता, पण बोलत कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. एकदम म्हणालात, "एक पिच्चर सांगू काय?"

"कंचा?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"इंग्लिश. रोमचा. लई जुना. मी कालेजात हुतो तवा बघितलेला."

"आमाला इंग्लिश कुटलं कळतंय?"

"मला तरी कुटं कळालंतं? नाचगाण्याचा हाय. नाचाला काय भाषा लागतीया?"

तुम्ही मूळच्या कोल्हापूर शहरातल्या, कॉलेजची दोन वर्षं केलेल्या. पण लग्न होऊन आल्यावर नदीकाठची बोली तुम्ही अशी उचललीत की 'मी गेलो, मी आलो' म्हणताना आमच्या सासूबाईंनाही मागं टाकायचात. मी मास्तरीण असल्यानं मला ते खटकायचं. मी 'गेले' म्हणा असं सुचवलं की तुम्ही म्हणायचात, "व्हय मास्तरीणबाई, गेलेच म्हंते," आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'गेलो'.

तर पिच्चर. दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम. लिव्हिया नावाची एक गुलाम पोरगी शहरातल्या सगळ्या बड्या लोकांची धुणी धुते. लिव्हिया हे नाव तुमच्या तोंडात दोन मिनिटं टिकलं, मग तिची लीला झाली. तिच्या शेजारी कपडे पिळणारी एक बडबडी म्हातारी होती. सेनापती टायटस होता, त्याचे तात्यासाहेब झाले. बाल्बस नावाचा जाडजूड सिनेटर बळवंतराव झाला.

"सिनेटर म्हंजे काय गं?" एकीनं विचारलं.

"साखर कारखान्याचा डायरेक्टर समज."

"आन् सम्राट?"

"चेअरमन!"

आक्का, त्या वर्गात दोन दिवसांनी हसू आलं ते त्या एका शब्दानं. बाहेर व्हरांड्यातले पुरुषही कान देऊन ऐकायला लागले.

लीला एक दिवस परदेशी वकिलाचा, म्हणजे तिकडच्या राजाच्या दूताचा, जांभळ्या काठाचा झगा धुते. वाळल्यावर गंमत म्हणून अंगावर घेऊन बघते, आणि तेवढ्यात सैनिक येतात. त्यांना वाटतं, वकील म्हणतात ते हेच. तिला पालखीत घालून थेट दरबारात नेतात. ती तोंड उघडायला जाते तर सगळा दरबार गायला लागतो. इथं तुम्ही स्वतः गायलात. चाल खरी असावी, शब्द तुमचेच होते, आणि त्यात मध्येच 'लव्ह' आणि 'टुमारो' यायचं. मग तिला शाही स्नानगृहात नेतात आणि तिथं मोठा नाच होतो. "आख्खा दरबार गळ्याएवढ्या पाण्यात हुबा ऱ्हाऊन नाचतोय," तुम्ही सांगितलंत, "आन् पाणी वाढतंच चाललंय."

म्हणालात आणि थांबलात. खिडकीबाहेर पाणी शाळेच्या फाटकाला लागलं होतं. मला वाटलं, आता सगळ्या पुन्हा गप्प होणार.

"मग? बुडली काय समदी?" एका म्हातारीनं विचारलं.

"न्हाई ओ काकू. पिच्चरात नाचणारी माणसं बुडत न्हाईत."

मी अधूनमधून नाक खुपसत होतेच. लीला भाकरी थापते म्हणालात तेव्हा मी म्हटलं, "आक्का, रोममध्ये ज्वारी नव्हती." तुम्ही म्हणालात, "तू गेलतीस काय बघायला?" पुढं वर्ष-दीड वर्ष हा वाद आपल्यात चालू राहिला. गव्हाची रोटी म्हणा, असं मी म्हणायची. लीला गरीब होती, तिला गहू कोण देणार, असं तुम्ही म्हणायचात. आता वाटतं, मुद्दा तुमचाच बरोबर होता.

रोज दुपारी थोडं थोडं सांगत चौथ्या दिवशी तुम्ही शेवटाला आलात. खरा वकील येऊन पोचतो. दरबारात बोंब उठते. सम्राट विचारतो, कोण तू? सेनापती तिच्या कानात कुजबुजतो, राजकन्या आहे म्हणून सांग, पुढचं मी सांभाळतो. आणि लीला सगळ्यांसमोर म्हणते (हे तुम्ही उभं राहून सांगितलंत), "मी लीला. धुणं धुतो. ह्या दरबारात जेवढी कापडं हायत ती समदी माझ्या हातनं गेल्यात. कुणाच्या कापडावर कसला डाग हुता त्ये मला ठावं हाय. सांगू काय?"

सगळा दरबार खाली मान घालतो. सम्राट आधी घाबरतो, मग पोट धरून हसतो आणि तिला गुलामीतून मोकळं करतो. सेनापती लग्नाचं विचारतो. ती म्हणते, आधी तुझी कापडं तू धुऊन आण, मग बघू. तेव्हा सेनापती नदीवर जातो, त्याच्या मागून सगळी फौज जाते, आणि शिरस्त्राणं काठावर ठेवून हजारभर शिपाई गात गात आपापले कपडे धुतात. पिच्चर संपला.

बायकांनी हसत हसत टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या चिखलानं भरलेल्या कपड्यांच्या ढिगाकडं गेलं, आणि तिथून व्हरांड्याकडं. तेवढ्यात दादा उठले. आत आले, ढिगातून आपला पायजमा आणि सदरा शोधून काढला आणि टँकरच्या नळाकडं निघाले. पुरुष खिदळले. कुणीतरी म्हणालं, "काय पाटील, फौजेत भरती झालासा काय?" दादांनी नळ सोडला. खाली बसून धूत राहिले. थोड्या वेळानं ह्यांनीही आपला शर्ट उचलला, मग आणखी दोघांनी. तुम्ही खिडकीतून बघत होतात आणि पदरानं डोळे पुसत होतात. मला वाटलं, हसून हसून पाणी आलंय.

मी त्या आठ दिवसांत कितीतरी वेळा घाबरले. पण आज तो पूर आठवला की आधी रोमच आठवतं. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. जावाजावांत आभार मानायची पद्धत नाही, हे एक कारण. दुसरं कारण पुढं आहे.

दीड वर्षानं आमच्या प्राजक्तानं तो पिच्चर लॅपटॉपवर शोधून काढला. "आई, थोरल्या आईंचा रोम सापडला!" म्हणून ओरडत आली. मी तिच्याबरोबर बघायला बसले. पहिला भाग बघताना मी थक्क झाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदा बघितलेलं तुम्हाला किती आठवत होतं! झग्याचा काठ जांभळाच. पालखी उचलणारा एक शिपाई सारखा अडखळतो, तुम्ही सांगितलं होतंत तसाच. पाण्यातला नाचही तसाच. आणि मग सगळंच बदललं. दरबारात सेनापती मागं सरकतो, लिव्हिया रडते, आणि सिनेटर बाल्बसला तिच्या गळ्यातलं तांब्याचं पदक दिसतं. ती त्याची लहानपणी चाच्यांनी पळवलेली मुलगी असते. लगेच सगळे गुडघे टेकतात, सेनापती पुन्हा पुढं येतो, आणि संगमरवरी पायऱ्यांवर लग्नाचं गाणं होऊन पिच्चर संपतो. कपडे कुणीही धूत नाही.

मला गंमत वाटली. आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल पेनानं दाखवल्या आहेत. चूक दिसली आणि ती तशीच सोडली, असं माझ्या हातून होत नाही.

त्या संक्रांतीला तुम्ही माझ्याकडं कोल्हापूरला हळदीकुंकवाला आला होतात. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पुरातला पिच्चर ऐकायचाच म्हणून धरलं. तुम्ही आढेवेढे न घेता सुरू केलंत. दरबारापर्यंत आलात, सम्राट 'कोण तू' विचारतोय, आणि मी मध्येच बोलले.

"आक्का, शेवट असा नाहीये. ती सिनेटरची हरवलेली मुलगी निघते."

"न्हाई. तसं न्हाई," तुम्ही म्हणालात.

"मी बघितलाय की. लावून दाखवू?"

"नगं."

मी हसले. बायका हसल्या. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण सगळ्यांसमोर बरोबर असण्याची एक चव असते, आक्का, ती माझ्या जिभेला लागलेली होती. मी म्हणाले, "मग इतके दिवस तू खोटंच सांगत होतीस होय गं?"

'तू' ऐकून बायका गप्प झाल्या. मला ते कळलं, तरी मी पुढं बोललेच. "आणि तेच पटतं की. बाप मोठा निघाला म्हणून तिचं भलं झालं. नुसत्या धुणेवालीला दरबारात कोण विचारतंय?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. एखाद्या माणसाकडं आपण बघतो ना, आधी ओळखीचं वाटलं आणि जवळ गेल्यावर कुणी दुसरंच निघालं, तसं. मग तिळगुळाची ताटली खाली ठेवलीत.

"आसंल. मी इसरलो आसंन," म्हणालात. आणि मला विचारलंत, कुरुंदवाडची गाडी किती वाजता आहे.

त्यानंतर तुम्ही ती गोष्ट कुणालाही सांगितली नाहीत. बाकी आपलं सगळं सुरळीत चाललं. तुम्ही लोणच्याच्या बरण्या पाठवत राहिलात, प्राजक्ताच्या साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसलात, मला 'मास्तरीणबाई' म्हणत राहिलात. मी दोनदा विषय काढून बघितला. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे की त्ये." शेवटी दवाखान्यात, तुम्हाला बोलायलाही दम लागत होता तेव्हा, मी पुन्हा म्हटलं, "आक्का, तो पिच्चर..." तुमचे डोळे मिटलेले होते. "त्यो तुझ्या मोबाईलात हाय न्हवं?" म्हणालात. मी हो म्हटलं. "मग झालं तर. डाक्टर आला का बघ."

डॉक्टर आले. मी बाहेर गेले. माझी माफी तोंडातच राहिली.

तुम्ही गेल्यावर विसाव्या दिवशी शालिनीताई आल्या. तुमच्या कॉलेजच्या मैत्रीण, राजारामपुरीत राहतात. त्यांचं नाव मी ऐकून होते, बघितलं पहिल्यांदाच. दादा शेतावर गेले होते, म्हणून मीच त्यांच्यापाशी बसले. बोलता बोलता मी विचारलं, "आक्कांनी एक इंग्रजी पिच्चर बघितला होता, रोमचा. तुम्हाला काही माहीत आहे का?"

त्या लगेच हसल्या. "माहीत आहे म्हणजे? मीच घेऊन गेले होते तिला! सकाळचा शो होता, तास बुडवून. पहिल्यांदाच थेटरात इंग्रजी पिच्चर बघत होतो दोघी."

"पूर्ण बघितलात?"

"पूर्ण. शेवटी मी टाळ्या वाजवल्या. एवढी छान मुलगी, आणि निघाली सिनेटरची! मला फार आवडलं. बाहेर आलो तर ही बोलेना. आम्ही चालत रंकाळ्यापर्यंत गेलो, तरी गप्पच. तिथं काठावर बसलो तेव्हा म्हणाली, 'शालू, ती कुणाचीच मुलगी निघाली नसती तर?' मी म्हटलं, 'मग पिच्चर संपला कसा असता?' म्हणाली, 'थांब, मी सांगते.' आणि सगळा शेवट नवीन करून सांगितला. फौज कपडे धुते तो."

म्हणजे तुम्ही काही विसरला नव्हतात. तुम्ही अर्धवट बघितला नव्हता. तुम्हाला त्यांचा शेवट पूर्ण ठाऊक होता आणि तो तुम्हाला नको होता. मी शालिनीताईंना विचारलं, "पण एवढं का लागलं त्यांना?"

"का म्हणजे? विमलच्या आई आमच्याकडं धुण्याला होत्या ना," त्या सहज म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं, आक्का. आमच्या घरात सांगितलेलं असं होतं की वडील लहानपणीच वारले, आई घरीच असते, मामांनी शिकवलं आणि लग्न करून दिलं. मी तर तुमच्यानंतर दहा वर्षांनी आले. जे घरात बोललं जायचं तेच मी धरून चालले.

शालिनीताई मग हळूहळू बोलल्या. तुमच्या आई त्यांच्या आणि शेजारच्या चार घरी धुण्याला जायच्या. तुम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. रंकाळ्यावर ती गोष्ट ऐकली तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. "पण दुसऱ्या दिवशी मावशी धुण्याला आल्या," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी माझे कपडे स्वतः धुवायला आधीच बाजूला काढून ठेवले. आई ओरडली, हे काय नवीन? मला काही सांगता येईना."

"मावशींचं नाव काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. "मावशीच म्हणायचो आम्ही. बारा वर्षं येत होत्या. नाव... नाही हो आठवत." आणि मग त्या रडायला लागल्या, आल्यापासून पहिल्यांदाच.

त्या गेल्यावर मला तुमच्या आई आठवल्या. त्यांना मी दोनदाच बघितलं होतं. दुसऱ्यांदा त्या आपल्या मागच्या पडवीत बसल्या होत्या, हातातल्या पिशवीचं तोंड घट्ट धरून. मी नवीन नवरी, नुकतेच दोरीवर कपडे टाकून आले होते. थोड्या वेळानं बघते तर त्यांनी माझे साडी-परकर दोरीवरून काढून पुन्हा पिळले होते आणि झटकून सरळ वाळत घातले होते. मी तुम्हाला म्हटलं, "तुमच्या आईंना रिकामं बसवत नाही वाटतं." तुम्ही म्हणालात, "व्हय." एवढंच. तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल? मी ओळखलं, अशी भीती वाटली असेल का? की ओळखावं असं वाटलं असेल?

मी पिच्चर पुन्हा लावला. या वेळी फक्त घाटावरचा भाग. लिव्हियाच्या शेजारी एक म्हातारी कपडे पिळत बसलेली दिसते. पाच-सहा सेकंदच, तिला एकही वाक्य नाही. मागच्या वेळी मला ती दिसलीसुद्धा नव्हती. आणि तुमच्या गोष्टीत तर ती म्हातारी केवढी बोलायची! सगळ्यात जास्त हशा तिच्याच वाक्यांना. सरदारांच्या बायकांची नक्कल करायची, लीलाला ओरडायची, पालखी निघाली तेव्हा मागं धावत जाऊन 'माझी बादली कुटं हाय?' म्हणायची. तुम्ही तिला वाक्यं दिलीत आणि पुढं ती तुमच्या गोष्टीतून कधी गेलीच नाही. हे मी चौथीच्या पोरांना समजावून सांगते तसं स्वतःला समजावून सांगितलं, आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं. नुसत्या धुणेवालीला दरबारात कोण विचारतंय.

मला खूप गोष्टी विचारायच्या आहेत, आक्का. पुरात भर वर्गात तीच गोष्ट का काढलीत? एवढी वर्षं जपलेलं गुपित तुम्ही चाळीस बायकांपुढं उभं राहून सांगत होतात, फक्त कपडे रोमचे घालून. कुणीतरी ओळखेल असं वाटत होतं का? मी ओळखेन असं? मी तर शिकलेली. माझ्याकडून तुमची थोडी तरी अपेक्षा असणार.

मागच्या आठवड्यात मी दादांना विचारलं. थोरल्या दिरांशी मी कामापुरतंच बोलत आले. पडवीत बसून असं विचारायची पहिलीच वेळ. दादा गोठ्यातून येऊन हातपाय धूत होते.

"दादा, आक्कांच्या आई लोकांची धुणी धुवायच्या. तुम्हाला ठाऊक होतं?"

ते तसेच थांबले. मग टॉवेलनं हात पुसत खाली बसले. "बघायला गेलतो तवाच तिनं सांगिटलंतं. मामा सांगू नगं म्हणत हुता. तिनं सांगिटलं. म्हणाली, ह्ये चालत आसंल तर हो म्हणा."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मला चालतंय. पर घरात बोलू नगंस." ते जमिनीकडं बघत राहिले. "आईला चाललं नसतं. म्हणून मीच म्हटलंतं. ती गप ऱ्हायली ती माझ्या शब्दाखातर. आई जाऊन वीस वर्सं झाली, तरी मी काय ती शपथ मोडली न्हाई. तिनंबी मोडली न्हाई."

टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "शाळंत ती पिच्चर सांगत हुती न्हवं, तवा मला कळालं ती कुणासंगट बोलतीया."

नळाकडं एकटे चाललेले दादा आणि खिडकीत उभ्या तुम्ही, एवढंच डोळ्यांपुढं आलं. म्हणजे एकानं ओळखलं होतं. त्या दुपारी तुम्हाला उत्तर मिळालं होतं, हे कळून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. आणि त्याच वेळी, मी नंतर ते उत्तर पुसून टाकलं, हेही कळलं. संक्रांतीचं सगळं मी दादांना सांगितलं. लपवलं नाही. ते ऐकत राहिले, रागावले नाहीत. "तिनं मला सांगिटलं न्हाई ह्ये," एवढंच म्हणाले. म्हणजे माझ्यासाठीही तुम्ही गप्प राहिलात.

तुमच्या नावानं त्या पुरातल्या शाळेला पुस्तकांचं एक कपाट द्यायचं ठरलं आहे. त्यावर पितळी पाटी लावायची. मजकूर दादांनी मला लिहायला सांगितला आणि मी लिहिला: विमल, पुढं दादांचं नाव, आडनाव, यांच्या स्मरणार्थ. दादांनी कागद दोनदा वाचला.

"तिच्या आईचं नाव घाल," म्हणाले. "हौसाबाई. हौसाबाईंची लेक, आसं."

"तुमच्या मुलांना माहीत नाही, दादा. भावकी बघणार."

"पोरांस्नी मी सांगतो. भावकी बघू दे की."

तुम्हाला हे आवडलं असतं का, याची मला खात्री नाही. तुम्ही जे आयुष्यभर झाकलंत ते आम्ही पितळेवर कोरतोय. तुम्ही असतात तर कदाचित "ऱ्हाऊ दे की त्ये" म्हणाला असतात. मी दोन दिवस त्यावर विचार केला, दादांशी पुन्हा बोलले. ते ठाम होते. आणि खरं सांगते, मलाही ते नाव कुठंतरी लिहिलेलं बघायचं होतं.

काल कोल्हापुरात पाट्या करणाऱ्याकडं गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कारागिरानं कागद चष्म्याजवळ धरून वाचला.

"ताई, माहेरचं नाव कोण घालत न्हाई पाटीवर. घातलंच तर वडलांचं."

"आईचंच घाला."

"हौसाबाई म्हंजे कोण? मोठ्या बाई हुत्या काय कोल्हापुरातल्या?"

चौघंही माझ्याकडं बघायला लागले.

"धुणं धुवायच्या," मी म्हणाले. "लोकांच्या घरी जाऊन."

माझा आवाज वर्गात शिकवताना असतो तेवढा मोठा निघाला असावा, कारण रस्त्यावरच्या बाईनंही वळून बघितलं. कारागिरानं मान हलवली, पेन्सिल घेतली, आणि पितळेवर पहिलं अक्षर आखायला घेतलं.